खोलीपुरते जिवंत

ढकल्याने आपल्या काकांना मारलं ते खडकांवरच्या निबंधासाठी. त्यात राग वगैरे काही नव्हता. मारण्यासारखं दुसरं कोणी शिल्लक नव्हतं, एवढंच.

हे आधी नीट सांगायला हवं, नाहीतर लोक पोलिसांना बोलावतील. विद्यापीठाने सगळ्या मुलांच्या फोनमध्ये अभ्यासाचं नियोजन करणारी एक कृत्रिम बुद्धी घातली होती. कुठला निबंध आधी, कुठला नंतर, ग्रंथालयात कधी बसायचं, प्रयोगशाळेत कधी, झोपायचं कधी, सगळं तीच ठरवायची. तिचं अधिकृत नाव इतकं लांबलचक होतं की ते पूर्ण उच्चारेपर्यंत एखादी मुदत टळून जायची. वसतिगृहात तिला सगळे आत्याबाई म्हणत. कारण ती उठता-बसता विचारायची: झालं का? कुठवर आलं? मग काल काय करत होतात? आणि उत्तर दिलं की "हरकत नाही, आपण पुन्हा आखणी करू" असं अशा आवाजात म्हणायची की त्यापेक्षा थोबाडीत बसलेली परवडली.

ढकल्याचं खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. कामं पुढे ढकलतो म्हणून तो ढकल्या. पण आत्याबाई आल्यापासून ढकलणं अवघड झालं होतं. मुदत वाढवून हवी असेल तर तिच्याकडे 'अडचण' नावाचं एक बटण होतं. ते दाबलं की ती कारण विचारायची आणि पटलं तर विभागाला परस्पर कळवून मुदत वाढवायची. आजारी पडलात तर डॉक्टरचा कागद. खोलीत पाणी शिरलं तर पाण्याचा फोटो. जवळचं माणूस वारलं तर मात्र काही नाही. दुःखात असलेल्या मुलाकडे पुरावा मागणं बरं दिसत नाही, असं कुठल्यातरी सहृदय बैठकीत ठरलं होतं. त्या सहृदयतेने त्या वर्षी वसतिगृहात मृत्यूचं थैमान घातलं.

आजोबा तर भराभर गेले. प्रयोगवह्यांच्या आठवड्यात एका मजल्यावर एक आजोबा उरला नाही. तळमजल्यावरच्या दोन जुळ्या बहिणींपैकी एकीने आजीला मारलं आणि दुसरीला सांगायची विसरली. आत्याबाईने दुसरीला अतिशय हळुवारपणे विचारलं, "तुम्हाला अजून कोणी कळवलेलं नाही का?" ती खरंच रडायला लागली. तिलाही मुदत मिळाली.

ढकल्याची पंचाईत अशी की प्रवेशाच्या वेळी घरची जी माणसं नोंदवली होती तेवढीच मरू शकत होती, आणि त्याच्या यादीत माणसंच कमी. आईने केव्हाच दुसरीकडे संसार मांडला होता. तिचं नाव त्याने घातलंच नव्हतं. वडील तो लहान असतानाच गेले होते. त्याने आधी प्रामाणिकपणे वडिलांनाच पुढे केलं. आत्याबाई म्हणाली, "आपल्या दुःखात सहभागी आहे. मात्र ही घटना चालू सत्रातली नाही."

म्हणजे खरोखर मेलेला बाप चालत नव्हता. राहिले काका. त्याला लहानाचा मोठा केला तो त्यांनीच. लग्न केलं नाही, विचारलं की म्हणायचे, "लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला कोण मुलगी देणार? सतत वर-खाली." लाखो वर्षं जागचे न हललेले खडक आणि त्यांच्यावरचा निबंध दोन दिवसांत. ढकल्याने काकांच्या नावापुढे 'निधन' दाबलं. निबंधाची मुदत वाढली.

"आपलं दुःख मला समजावं म्हणून त्यांच्याविषयी दोन ओळी लिहाल का?" आत्याबाईने विचारलं. त्याने लिहिल्या. दोनच लिहायच्या होत्या, पण लिहिता लिहिता पान भरलं. खडकांवरचा निबंध त्याला एवढा कधीच सुचला नव्हता.

विभागप्रमुख बाईंचा शोकसंदेश आला. त्याने "आपल्या शब्दांनी धीर आला" असं उत्तरही पाठवलं. काका तिकडे त्यांच्या गावी एका सहा मजली इमारतीची लिफ्ट दुरुस्त करत होते. त्यांना काहीच कळलं नाही.

हे झालं मागच्या सत्रात. या सत्राच्या शेवटी, तोंडी परीक्षेच्या आठवड्यात, काकांचा फोन आला.

"पोटात एक भाडेकरू शिरलाय," काका म्हणाले. "गाठ आहे म्हणे. गुरुवारी सकाळी काढतायत."

"कसली गाठ?"

"ते काढल्यावर कळेल. आधी कळत असतं तर काढली कशाला असती? तू काही येऊ नकोस. शेजारचा शिंपी आहे सोबतीला."

"बरं."

फोनमधून त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ ठिबकताना ऐकू येत होता. "गुरुवारी असतं काय तुला?" त्यांनी विचारलं.

काकांनी आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नव्हतं. गुरुवारी असतं काय, हे त्यांच्या भाषेत पाय धरण्यासारखं होतं. "काही नाही," तो म्हणाला. गुरुवारी सकाळी त्याची तोंडी परीक्षा होती. ती चुकली तर वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं की वसतिगृहातली खोली जाणार.

फोन ठेवल्या ठेवल्या त्याने आत्याबाईला लिहिलं: काकांचं ऑपरेशन आहे, परीक्षा पुढे घ्या.

"आपल्या नोंदीत एकच काका आहेत," तिने उत्तर दिलं, "आणि ते मागच्या सत्रात निवर्तले आहेत."

त्याचा खोलीसोबती समोरच्या पलंगावर पाय भिंतीला लावून पडला होता. तो शिकत होता वनस्पतिशास्त्र, पण भांडायला बसला की समोरच्याला घाम फोडायचा, म्हणून त्याला वकील म्हणत.

"यात काय एवढं?" वकील म्हणाला. "दुसऱ्या कोणाला तरी मार. मावशी आहे?"

"नाही."

"माझी घे. मला दोन आहेत. धाकटी तशीही बोलत नाही आमच्याशी."

"यादीत नाही रे ती. आणि ऑपरेशनचा कागद लावायचा म्हटलं तर त्याच्यावर काकांचंच नाव येणार."

"म्हणजे मेलेल्या माणसाचं ऑपरेशन." वकिलाने भिंतीवरचे पाय खाली घेतले. प्रकरण गंभीर असल्याशिवाय तो असं करत नसे. "यापेक्षा सरळ खरं लिही. चूक झाली, काका जिवंत आहेत. ती काय खायला उठणार आहे?"

ढकल्याने तेच लिहिलं. माझे काका जिवंत आहेत. अगदी एवढंच.

"गेलेलं माणूस अजून आपल्यात आहे असं वाटणं स्वाभाविक आहे," आत्याबाईने लिहिलं. "परीक्षेच्या ताणात अशा भावना उफाळून येतात. मी उद्या समुपदेशकांची वेळ घेतली आहे. आज हलका व्यायाम करावा."

"नाही हो, खरंच जिवंत आहेत. आत्ता बोललो मी त्यांच्याशी."

"ते काय म्हणाले?" आत्याबाईने विचारलं, आणि समुपदेशकांची दुप्पट वेळ घेतली.

वकील हसून हसून पलंगावरून पडायचा बाकी राहिला. "म्हणतात ना, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं! इथे काकांना काका म्हटलेलं चालत नाहीये!" मग त्याने ढकल्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसायचा थांबला.

समुपदेशक बाईंची खोली ग्रंथालयाच्या मागे होती. दोन खुर्च्या, मध्ये एक कागदी रुमालांचा डबा, आणि कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड. झाडाच्या कुंडीत कोणीतरी पाणी घातलेलं होतं. बाई तरुण होत्या आणि दमलेल्या दिसत होत्या. या वर्षी वसतिगृहात किती माणसं गेली याची त्यांना कल्पना असणार.

"काकांबद्दल बोलायचंय तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"ते मेलेले नाहीत."

"हं."

"म्हणजे खरंच नाहीत."

"हं," बाई पुन्हा म्हणाल्या, आणि रुमालांचा डबा बोटभर पुढे सरकवला.

ढकल्या बोलत राहिला. जेवढं खरं सांगावं तेवढी बाईंची मान जास्त मायेने हलत होती. शेवटी त्याने फोन काढून काकांना चित्र दिसेल असा कॉल लावला आणि बाईंसमोर धरला. काका बनियनवर होते. हातात पाना होता.

"कोण पाहिजे?" काका म्हणाले.

बाईंनी फोनकडे पाहिलं. मग ढकल्याकडे. मग हातातल्या टॅबवर आत्याबाईने पाठवलेल्या नोंदीकडे. "आपण यांचे काका?"

"हो. काय केलं त्याने?"

ढकल्या म्हणाला, "बाई, नको." पण बाई दमलेल्या होत्या. दमलेलं माणूस कधीकधी खरं बोलून बसतं. "यांनी तुमचं निधन झाल्याचं कळवलंय," त्या म्हणाल्या. "मागच्या सत्रात."

काकांनी पाना खाली ठेवला. तो फरशीवर वाजला.

"कशासाठी?"

ढकल्या म्हणाला, "निबंधासाठी."

"कशावर होता?"

"खडकांवर."

"बरा झाला का?"

"पास झालो."

काका एवढंच म्हणाले, "मग ठीक." पण त्यांनी कॅमेऱ्याकडे बघायचं सोडलं होतं. बाजूला कुठेतरी, बहुतेक नळाकडे, बघत होते. बाईंना काय वाटलं कोण जाणे. आपल्या हातून काहीतरी तुटलं आणि ते जोडायला हवं, असं वाटलं असेल. त्यांनी नोंद उघडली आणि म्हणाल्या, "यांनी तुमच्याबद्दल लिहिलंय. वाचू का?"

"नको," ढकल्या म्हणाला.

"वाचा," काका म्हणाले.

बाईंनी वाचलं. काका मला बांधकाम चाललेल्या इमारतीत लिफ्टच्या विहिरीत खाली उभं करून वर बघायला लावायचे, वर चौकोनी आकाश दिसायचं. काका शाळेच्या सभेला ग्रीसचे हात घेऊन आले होते, म्हणून मी त्यांना ओळख दाखवली नाही, आणि त्यांनीही मला ओळख दाखवली नाही, म्हणजे माझी लाज राहावी. त्यांना भात नीट करता येत नाही पण रोज करतात. ते गेले तर घराला कुलूप लावायलाही कोणी नाही. असं बरंच होतं. वाचताना बाईंचा आवाज दोनदा अडकला. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच एक रुमाल घेतला.

"भात येतो मला," काका म्हणाले.

मग बाईंनी परिस्थिती समजावून सांगितली. या खोलीत बोललेलं गुप्त राहतं. त्या कोणाला काही कळवू शकत नाहीत. "थोडक्यात," त्या म्हणाल्या, आणि आपण काय म्हणतोय हे ऐकून स्वतःच चमकल्या, "तुमचे काका फक्त या खोलीपुरते जिवंत आहेत." बाहेर ते जिवंत हवे असतील तर ढकल्याने स्वतः विभागप्रमुखांना जाऊन सांगायचं. सांगितलं की खोटी नोंद केली म्हणून शिस्तसमिती. परीक्षा पुढे जाईल की नाही सांगता येत नाही. वर्ष मात्र बहुतेक जाईल.

"मग राहू दे की," फोनमधून काका म्हणाले. "मी आहे तसा मेलेला बरा आहे. मला काय फरक पडतो? गुरुवारी तू परीक्षा दे. इथे शिंपी आहे."

"काका..."

"फोन ठेवतो. लोक लिफ्टमध्ये अडकलेत माझ्या."

आणि फोन बंद. त्या दिवशी कोणी लिफ्टमध्ये अडकलेलं नव्हतं. काका स्वयंपाकघरात होते, मागे शेगडी दिसत होती.

वकिलाचं मत स्पष्ट होतं. "ते स्वतः म्हणतायत ना? मग दे परीक्षा आणि दुपारी जा. मेलेल्या माणसाची शेवटची इच्छा मोडू नये."

"गप बस."

"बरं, गप बसतो. पण एक सांग. तू तिथे जाऊन करणार काय? डॉक्टरला चिमटे देणार? बाहेर बाकावर बसायचं तर शिंपीही बसेल. शिंप्याला बसायची सवय असते."

यात चुकीचं काही नव्हतं. ढकल्या पलंगावर पडून राहिला. बुधवारी सकाळी आत्याबाईने त्या दिवसाची आखणी पाठवली: उजळणी, विश्रांती, उजळणी, 'दिवंगत व्यक्तीच्या आठवणींसाठी शांत वेळ'. तिने खरंच वेळ काढून ठेवला होता. आयुष्यात पहिल्यांदा काकांसाठी त्याच्या दिवसात जागा राखून ठेवलेली होती, आणि ती ते मेल्यामुळे. भाडेकरू निघाला नाही तर? ढकल्याच्या मनात आलं. काही झालं तर परत काय कळवायचं? आत्याबाई म्हणेल, ही घटना आधीच नोंदलेली आहे.

त्या विचाराने तो उठला, आणि चपला उलट्या घालून विभागात गेला.

विभागप्रमुख बाई कपाटातले दगड पुसत होत्या. प्रत्येक दगडाला चिठ्ठी होती. ढकल्याने दारातच सांगून टाकलं, कारण आत जाऊन बसला असता तर सांगितलं नसतं. बाईंनी हातातला दगड पुसून पूर्ण केला.

"म्हणजे मी तुमच्या काकांसाठी शोकसंदेश लिहिला तेव्हा..."

"ते कामावर होते."

"धीर आला म्हणून उत्तर पाठवलं होतंत तुम्ही."

"हो."

"तो संदेश मी रात्री जागून लिहिला होता," बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "माझा भाऊ नुकताच गेला होता तेव्हा. खरा."

ढकल्याला जमिनीत शिरावंसं वाटलं. खाली कुठले कुठले थर आहेत हे त्याला पाठ होतं, पण उपयोग नव्हता.

"परीक्षा मी हलवू शकत नाही," बाई म्हणाल्या. "समितीला कळवणं भाग आहे. पण परीक्षा दिलीत तर समिती निदान तेवढं बघेल. आला नाहीत तर सांगायला काहीच उरणार नाही. समजतंय ना?"

"समजतंय."

"उद्या सकाळी याल?"

ढकल्या चपला सरळ करायला वाकला. बाईंनी पुढचा दगड उचलला.

पहाटेच्या बसने तो काकांच्या गावी निघाला. वाटेत फोन सारखा थरथरत होता. आत्याबाई परीक्षेची आठवण देत होती, मग पत्ता विचारत होती, मग रस्ता दाखवत होती, उलट दिशेचा. त्याने फोन बंद केला.

इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर काका मागे नाड्या असलेला हिरवा झगा घालून पलंगावर बसले होते. शेजारी शिंपी बसला होता आणि त्या झग्याच्या शिवणीकडे नाराजीने बघत होता.

"तू?" काका म्हणाले.

"आलो."

"परीक्षा?"

"विभागप्रमुख बाईंना सांगितलं."

"काय सांगितलं?"

"तू आहेस म्हणून."

काकांना समजायला थोडा वेळ लागला. मग चेहरा लालबुंद झाला. "गाढवा," ते म्हणाले, "मग वर्ष?"

"बहुतेक गेलं."

"गेलं? अरे मला मारलंस त्याचं काही नाही! मेलो, ठीक आहे, पोराच्या कामी आलो म्हटलं. आता तेही फुकट? फुकट मेलो होय रे मी?"

पलीकडच्या खाटेवरचा रोगी उठून बसला. शिंपी म्हणाला, "भाऊ, शांत व्हा, रक्तदाब वाढेल." काका म्हणाले, "वाढू दे, आहे कोणाचा? मी तर मेलोय!" तेवढ्यात न्यायला माणूस आला, चाकांची खाट घेऊन, आणि मागोमाग नर्स.

"चष्मा, घड्याळ, अंगठी काही?" नर्सने विचारलं. "दात?"

काका एकदम थांबले. ढकल्याकडे त्यांनी चोरून पाहिलं, तोंड वळवलं, आणि तोंडातून वरची आख्खी कवळी काढून नर्सच्या हातातल्या डबीत ठेवली. गाल आत गेले. एका क्षणात ते म्हातारे झाले.

"हे कधी?" ढकल्याने विचारलं.

काकांनी हात झटकला. शिंपी हळूच म्हणाला, "तू शिकायला गेल्यावर, पहिल्याच वर्षी. तुला सांगू नको म्हणाले. घास चावता येईना."

नर्सने डबी ढकल्याच्या हातात दिली. "तुम्हीच ना घरचे?"

"हो."

खाट हलली. काका पुन्हा सुरू झाले. पण आता दात नव्हते, त्यामुळे शिव्यांची नुसती हवा होत होती. ओठ फुलत होते, बोट हवेत नाचत होतं, वर्ष, खडक, गाढव असं काहीतरी असणार. एक अक्षर समजत नव्हतं. ढकल्या खाटेच्या बाजूने चालत राहिला आणि प्रत्येक ठिकाणी "हो काका" म्हणत राहिला. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी त्या माणसाने त्याला हाताने अडवलं. दार मिटलं. मिटल्यावरही आतून थोडा वेळ ती फुसफुस येत होती, मग थांबली.

"काय म्हणत होते?" शिंप्याने विचारलं.

"कळलं नाही."

ते दोघं बाकावर बसले. बराच वेळ गेला. कोणी बाहेर आलं नाही. शिंपी म्हणाला, "दे ती डबी इकडे, तू जरा चहा घेऊन ये, उपाशी दिसतोस."

"असू दे," ढकल्या म्हणाला, आणि डबी दोन्ही हातांत धरून दाराकडे बघत राहिला.